वाई, मेणवली आणि भोवतालचे डोंगर : पायी भटकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्या-मुंबईची गाडी वाईत शिरते, ढोल्या गणपतीला हात जोडते आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला निघून जाते. मागे उरतो तो कृष्णेचा काठ, त्यावरची मेणवली आणि धोम ही गावं, आणि तिन्ही बाजूंनी उभे असलेले डोंगर. हे सगळं पायी बघायचं म्हणणारे लोक अलीकडे वाढलेत, आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सुरुवात कुठून करावी? सरळ गडावरच गेलं तर?

जा की, कोणी अडवत नाही. पण पहिला दिवस नदीकाठाला द्यावा असं माझं मत आहे. काठावरून चालताना पांडवगड, पाचगणीचं पठार, वैराटगड हे सगळे कुठल्या दिशेला आहेत ते डोक्यात पक्कं बसतं. मग दुसऱ्या दिवशी गडावर वाट फुटली तरी नदी कुठे आणि गाव कुठे हे विचारावं लागत नाही. शिवाय पहिल्या दिवशी पाय किती चालतात, बूट कुठे चावतो, हेही सपाटीवर कळलेलं बरं.

वाईतल्या वाईत चालण्यासारखं काय आहे?

सात घाट. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत दीड-दोन तास लागतात. सलग काठाकाठानं जाता येत नाही. मधेच आळीत शिरावं लागतं, वाड्यांच्या भिंतींमधून बोळ काढावा लागतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते बांधलं. दर्शन घेऊन लगेच परत फिरू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सपाट नाही, माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. नदीच्या पात्रालगत देऊळ बांधायचं तर नदीशी कसं वागायचं, हे त्या गवंड्यांना नीट ठाऊक होतं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच, १७५७ सालचं.

माघापासून पुढे आलात तर कृष्णाबाईचा उत्सव सापडेल. एकेका घाटावर पाळीपाळीनं तो होतो. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी वाईकरांनी कृष्णेला केलेल्या नवसातून तो सुरू झाला, अशी इथली परंपरा सांगते. त्या दिवसांत घाट गजबजलेले असतात, पण चालायला तो उत्तम काळ आहे. थंडी सरत आलेली असते आणि ऊन अजून कडक झालेलं नसतं.

वाई ते मेणवली ते धोम ही वाट कशी आहे? लहान मुलं, आजी-आजोबा चालतील का?

माझ्या मते या सगळ्या परिसरातली ही सगळ्यात चांगली चाल, आणि सगळ्यात कमी लोक करतात. वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर, आणि धोम वाईपासून आठेक किलोमीटर. चढ असा नाहीच. आजी-आजोबांनी मेणवलीपर्यंत यावं, घाटावर बसावं आणि रिक्षानं परतावं. पाय धड असलेल्यांनी पुढे धोम गाठावं.

सकाळी साडेसहाच्या सुमारास वाई सोडा. गाडीरस्ता आहेच, पण शेतातून आणि कालव्याच्या कडेनं जाणाऱ्या वाटा जास्त सुखाच्या. दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद. कालव्याच्या भरावावरून चालताना मुलांचा हात सोडू नका. काठ निसरडा असतो, पाणी दिसतं त्यापेक्षा जोरात वाहतं, आणि उभ्या बांधीव काठावरून स्वतःहून बाहेर येणं मोठ्या माणसालाही जमत नाही.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. १७६८ साली हे गाव नानांना मिळालं आणि पुढे त्यांनी नदीकाठी वाडा, घाट आणि देवळं उभी केली. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे आत जायचं तर तिथल्या माणसाला विचारून आणि असेल ते शुल्क देऊन. भिंतींवरची जुनी चित्रं बघा, पण हात लावू नका. मागच्या दारानं उतरलं की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट समोर येतो. हिंदी चित्रपटांत हा घाट इतक्यांदा दिसला आहे की पहिल्यांदा येणाऱ्यालाही तो ओळखीचा वाटतो.

मेणेश्वराच्या देवळाजवळची मोठी घंटा चुकवू नका. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी अजून स्पष्ट दिसते. वसईच्या घंटा महाराष्ट्रात बऱ्याच देवळांत आहेत, पण कृष्णेच्या काठावर महादेवापुढे टांगलेली मेरी बघताना माणूस जरा थांबतोच.

धोमला नृसिंहाचं देऊळ आहे, आणि त्याच आवारात महादेवासमोरचा नंदी. हा नंदीमंडप दगडी कासवाच्या पाठीवर उभा आहे आणि भोवती कमळाच्या पाकळ्यांचा हौद आहे. हौद भरलेला असला की कासव नंदीला पाठीवर घेऊन पाण्यात निघालंय असं वाटतं. रिकामा असेल तर निराश होऊ नका, मग पाकळ्यांचं कोरीवकाम नीट दिसतं. गावाच्या वरच्या अंगाला धरण. परतीला एसटी किंवा वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप, मिळते. मिळालं नाही तर तीच वाट उलटी चाला, दुपार टाळून.

धरणाच्या पाण्यात पोहता येईल का?

नाही. काठ दिसायला उथळ, पण खाली गाळ आहे आणि पुढे जमीन एकदम तुटते. नदीच्या डोहांनाही हेच लागू. गावातली पोरं उडी मारतात ती जागा त्यांच्या बापजाद्यांपासून माहितीची असते. तुमच्या नाही.

पांडवगडाला किती वेळ लागतो आणि वाट कोणती धरावी?

वाईतून वायव्येला मान वळवली की डोक्यावर कातळाची टोपी घातलेला जो डोंगर दिसतो तो पांडवगड. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला किल्ला मानतात. समुद्रसपाटीपासून उंची पावणेतेराशे मीटरच्या आसपास, आणि वाई सातशेच्या थोडी वर. म्हणजे साडेपाचशे मीटरचा चढ. सवय असलेल्याला दोन तास, नसलेल्याला तीन.

वाटा प्रामुख्यानं दोन. एक मेणवलीकडून, दुसरी धावडीकडून. मेणवलीची वाट दक्षिणेच्या उतारावर आहे. थंडीच्या दिवसांतही सूर्य तिला सोडत नाही, आणि झाडं नावाला. ही वाट घ्यायची तर उजाडायच्या आत पायथ्याला हवं आणि नऊच्या आधी माथ्याखालच्या कातळाच्या सावलीत. धावडीकडून जरा सोपं जातं. शिवाय धावडीच्या हद्दीत जुनी लेणी आहेत, ती वाटेत बघून होतात.

कातळाखाली वाट आडवी जाते, तिथे घसारा आहे. पावसाळा सरल्यावर वाळक्या गवतावरून पाय सटकतो, उन्हाळ्यात मुरमावरून. उतरताना घाई करू नका, बहुतेक जण तिथेच बसतात, म्हणजे आपटतात. वर पांडवजाईचं देऊळ, पाण्याची टाकी, पडकी तटबंदी. गडाच्या वाटेवरची काही जमीन खासगी आहे. फाटक दिसलं, पाटी दिसली, तर तिचा मान ठेवा आणि कुणी माणूस असेल तर सांगून पुढे जा. इथल्या वाटा अशाच बोलण्याचालण्यावर टिकून आहेत. एकानं कुंपण उडी मारून ओलांडलं की पुढच्या दहा जणांना वाट बंद होते.

टाक्यांतलं पाणी पिण्याजोगं असतं का?

माणशी तीन लिटर खालूनच न्या, म्हणजे हा प्रश्न पडणार नाही. टाक्याचं पाणी फेब्रुवारीनंतर बहुतेक ठिकाणी हिरवं होतं. स्वच्छ दिसलं तरी गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या. टाक्यात पाय धुऊ नका, भांडी तर मुळीच घासू नका. गुराखी तेच पाणी पितात.

पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्यासाठी सोपा गड कोणता?

वैराटगड. वाईच्या आग्नेयेला, पायथ्याला व्याजवाडी. दीड-दोन तासांत माथा. वाईकडचा उतार पश्चिमेला असल्यानं सकाळी बराच वेळ सावली राहते. पांडवगडाच्या नेमकं उलट. वर वैराटेश्वराचं देऊळ, पाण्याची टाकी आणि माथ्याजवळ मठ. शेवटच्या टप्प्यात थोडा अंगावर येणारा चढ आहे, बाकी मळलेली वाट. माथ्यावरून एका बाजूला महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला वाईचं सगळं खोरं दिसतं.

त्याहूनही सोपं हवं असेल तर बावधनजवळचा सोनजाईचा डोंगर. देवीचं ठाणं आहे, गावकऱ्यांची येजा असते, वाट चुकायची भीती नाही. बावधनला रंगपंचमीला आलात तर मात्र चालणं विसरा. त्या दिवशी बगाड, म्हणजे नवसाचा लाकडी गाडा, निघतं, कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावातल्या भैरवनाथापर्यंत, शेतांतून, बैलांच्या जोड्या जुंपून. ते बघायचं तर पहाटेच जाऊन बांधावर जागा धरावी लागते.

कमळगडाबद्दल खूप ऐकलंय. एका दिवसात होतो का?

होतो, पण पूर्ण दिवस द्यावा लागतो आणि आधी एखादा लहान डोंगर झालेला असावा. कृष्णा आणि वाळकी या दोन नद्यांच्या मधल्या डोंगररांगेवर तो उभा आहे. नांदगणे किंवा वासोळ्याजवळची तुपेवाडी या दोन गावांतून वाटा निघतात. दोन्हीकडे एसटीच्या फेऱ्या मोजक्या, त्यामुळे स्वतःचं वाहन नसेल तर वाईच्या स्टँडवर आदल्या दिवशीच वेळा विचारून ठेवा.

या भागातला हा एकच गड असा की जिथे चढताना डोक्यावर झाडी असते. पांडवगडावर उन्हानं हैराण झालेला माणूस इथे खूश होतो. पण झाडीचा दुसरा अर्थ असा की समोरचं दिसत नाही. ढोरवाटा भरपूर फुटतात, आणि प्रत्येक वाट पुढे जाऊन करवंदाच्या जाळीत संपते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं गावातला माणूस सोबत घ्यावा, त्याच्या दिवसाची मजुरी आधी ठरवून, घासाघीस न करता द्यावी. वाटेत गोरखनाथाचं ठाणं लागतं, पुढे मोकळं पठार, आणि मग माथ्याचा कातळ.

माथ्यावर ना बुरूज, ना दरवाजा, ना वाडे. इथे बघायची ती कावेची विहीर. जमिनीला चीर पाडावी तशी अरुंद वाट खाली उतरते, पन्नासच्या वर पायऱ्या आहेत, आणि दोन्ही भिंती गेरूच्या लाल मातीच्या. जसजसं खाली जावं तसतसा गारवा वाढतो, भर एप्रिलातही. पायऱ्या ओल्या असतात, बॅटरी हातात ठेवा आणि एका वेळी दोघातिघांनीच उतरा. भिंतीच्या ओल्या मातीवर नावं कोरणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे लिहिता येणार नाही.

महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटकडून खाली उतरून कृष्णा ओलांडून कमळगडावर येणारीही एक वाट आहे. ती लांबची आणि अनुभवी माणसांसाठी.

रायरेश्वर आणि केंजळगड एकाच दिवशी करता येतात का?

येतात. दोन्हींच्या मध्ये खिंड आहे, एकीकडे हा, दुसरीकडे तो. भोरच्या बाजूनं कोर्ल्याहून गाडीरस्ता खिंडीच्या जवळ जातो. वाईच्या बाजूनं खावलीहून चढायचं तर चाल वाढते, पण डोंगर चढल्याचं समाधानही मिळतं. केंजळगडाच्या माथ्याशी अखंड कातळात खोदलेल्या पन्नासेक पायऱ्या आहेत. एवढ्या उंच आणि सरळ पायऱ्या या भागात दुसरीकडे नाहीत. वर चुन्याचा घाणा आहे. १६७४ साली, राज्याभिषेकाच्या थोडं आधी शिवाजी महाराजांनी हा गड घेतला.

रायरेश्वर हा गड नव्हेच, लांबलचक पठार आहे. शेवटच्या कड्याला लोखंडी शिडी लावली आहे. वर महादेवाचं जुनं देऊळ आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी जंगम मंडळी. १६४५ साली महाराजांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ इथेच घेतली अशी परंपरा आहे. रात्र काढायची तर वरच्या घरांत जेवणाची सोय होते. आधी सांगून जावं. अचानक पंधरा जण दारात उभे राहिले तर पीठ कुठून आणायचं त्या बाईनं? सप्टेंबर-ऑक्टोबरात पठारावर रानफुलं असतात. ती बघा, त्यांच्यावर लोळू नका.

लेणी बघायची असतील तर?

वाईच्या उत्तरेला लोहारे गावाजवळ पालपेश्वरची लेणी आहेत. मूळ बौद्ध, आज महादेवाचं ठाणं. वाईहून सहाएक किलोमीटर, चालत सकाळ पुरते. गर्दी नसते, पाटीही फारशी नसते. गावात विचारा.

पसरणीच्या घाटातून पाचगणीपर्यंत चालत जावं का?

डांबरी रस्त्यानं अजिबात नको. वळणावर गाड्या कडेला येतात आणि चालणाऱ्याला सरकायला जागा नाही. एसटीनं वर जा, सिडनी पॉइंटवर उतरा, तिथून धोमचं पाणी आणि आदल्या दिवशी चाललेला कृष्णाकाठ एका नजरेत बघा. पठारावर, म्हणजे टेबललँडवर, सकाळी सातच्या आत गेलात तर घोडे आणि गाड्या नसतात. खाली पसरणी गावात जरूर थांबा, शाहीर साबळे यांचं ते जन्मगाव.

कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, डोळे झाकून. पण थोडं खोलात जाऊ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून रस्त्यानं जेमतेम बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. त्यामुळे जुलैत वाईत कोरडं ऊन पडलेलं असताना कमळगडाच्या माथ्यावर हात पुढे केला तर दिसत नाही, अशी स्थिती असते. वाईतलं आभाळ बघून पश्चिमेचा बेत ठरवू नये. पावसाळ्यात काठाची चाल, लोहारे आणि फार तर वैराटगड. धरणातून पाणी सोडलं असेल तर घाटाच्या खालच्या पायऱ्यांवरही जायचं नाही.

ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं. दिसायला सुंदर, पण महिन्याभरात त्याची कुसळं होतात आणि मोज्यात शिरून जीव नकोसा करतात. जाड, लांब पँट घाला. मार्चनंतर डोंगर उघडे पडतात, वणवे लागतात. कुठे धूर दिसला तर वाऱ्याची दिशा बघून त्या डोंगरावर जाणं रद्द करा. एप्रिल-मे मध्ये चढायचंच असेल तर पहाटे, आणि दहाच्या आत खाली. इथल्या डोंगरांवर दमानं कमी आणि उन्हानं जास्त माणसं आडवी होतात. तब्येत कितीही दणकट असली तरी निघायची वेळ चुकली की सगळं चुकलं.

पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीची यात्रा असते. वाईहून मांढरदेवला जाणारा रस्ता तेव्हा भाविकांनी भरलेला असतो, धावडी-लोहाऱ्याचे बेत त्या दिवसांत ठेवू नका.

साप, बिबटे, मधमाश्या?

काळजीच्या क्रमानं लावायचं तर मधमाश्या आधी. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट लावून जाऊ नका, कड्याखाली बिडी-सिगारेट पेटवू नका, आरडाओरडा आणि दगडफेक नको, ड्रोन तर नकोच. माश्या उठल्या तर हात झाडत उभे राहू नका. तोंड झाकून आलात त्या वाटेनं शक्य तितकं दूर जा.

सापांत घोणस आणि फुरसं ही दगडांत आणि पालापाचोळ्यात असतात. बघितल्याशिवाय हात-पाय टाकू नये. चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करू नका. माणसाला शांत ठेवा, शक्य तितकं कमी चालवा आणि दवाखाना गाठा. बिबट्या आहे, पण तो तुम्हाला टाळतो. कमळगड-महाबळेश्वरच्या जंगलात गवा दिसू शकतो. त्याला वाट द्या आणि फोटोसाठी जवळ जाऊ नका.

मोबाइलवरचा नकाशा पुरतो का? गावात वाट कशी विचारायची?

काठावर पुरतो. कमळगडाच्या झाडीत रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा. आणि माणसांना विचारा, पण नीट विचारा. "काका, ही वाट गडावर जाते का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "जातीय की!" कारण कुठलीही वाट शेवटी वर जातेच, आणि परगावच्या पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं? त्याऐवजी "काका, तुम्ही गुरं घेऊन कुठल्या वाटेनं चढता?" असं विचारा. मग काठीनं दाखवतील, खुणेचं झाड सांगतील, कुठे वळायचं नाही तेही सांगतील.

घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांवर कॅमेरा रोखू नका. उसाच्या आणि हळदीच्या रानातून आडवं घुसू नका, बांधानं जा.

गडावर मुक्काम, तंबू, शेकोटी?

रायरेश्वरावर मुक्काम सोयीचा. बाकी गडांवर गावाला सांगितल्याशिवाय नको. वनखात्याच्या हद्दीत परवानगी लागते. शेकोटी डिसेंबरनंतर कुठेच नको. वाळकं गवत पेटायला एक ठिणगी बास होते.

यायचं कसं, आणि अडचण आली तर?

पुण्याच्या स्वारगेटहून वाईच्या एसटी आहेत, अंतर नव्वदेक किलोमीटर. स्वतःच्या गाडीनं येताना महामार्गावर सुरूर फाट्याला वळायचं. साताऱ्याहून पस्तीसेक किलोमीटर. रेल्वेचं जवळचं स्टेशन वाठार, पण तिथून पुन्हा वाहन शोधावं लागतं, त्यामुळे एसटीच बरी.

डोंगरावर निघताना पायथ्याच्या एका घरात किती जण आहात आणि किती वाजेपर्यंत उतराल ते सांगून ठेवा, आणि उतरल्यावर तिथे तोंड दाखवूनच गाडीत बसा. नाहीतर रात्री गाव बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधत बसेल. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज नसेल तर उंचवट्यावर जाऊन लावून बघा. संध्याकाळच्या एसटीची वेळ सकाळीच कंडक्टरला विचारून घ्या, फलकावरची आणि खरी यांत फरक असू शकतो.